आधी एक बादली, मग अख्खी इमारत

पर्यावरणासाठी काहीतरी करायचं ठरवलं की माणूस आधी खरेदीला निघतो. मीही निघाले होते. नव्या कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या असं बरंच काही घरात आलं आणि दोन महिन्यांनी त्यातलं निम्मं कपाटात पडून होतं. पुढे वाचनात आलं की डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा हिशेब मांडला होता. नुसता हवामानावरचा परिणाम धरला, तरी साधी सुती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला किमान ५२ वेळा वापरावी लागते. बाकीची सगळी मापं लावली तर हाच आकडा हजारांत जातो. सुती पिशवी वाईट, असा याचा अर्थ नाही. दहा घेऊन एकही न झिजवणं वाईट.

म्हणून या लेखातला पहिला नियम असा, की पहिला महिना काहीही विकत घ्यायचं नाही.

कोणता प्रकल्प निवडावा

सौर पॅनल, पावसाचं पाणी, झाडं लावणं, कचरा, वीजबचत अशी यादी लांबलचक आहे. नवख्या माणसाने मात्र असं काम घ्यावं जे रोज हाताखालून जातं, जे मोजता येतं, बिघडलं तर परत सुरू करता येतं आणि ज्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. या चारही गोष्टींत बसणारं एकच काम मला सापडलं आहे, ते म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत. झाड लावणं दिसायला सुंदर, पण त्याचा निकाल कळायला वर्षं जातात आणि मधल्या काळात पाणी घालणारा माणूस बदलतो. कचऱ्याचा निकाल आठवड्यात लागतो. चुकलात तर नाकालाच कळतं.

यामागचं कारणही साधं आहे. ओला कचरा पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगरात गाडला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजवला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि खत एवढंच हाती येतं. कचरा तोच, फरक फक्त हवेचा. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

पायरी १: आठवडाभर फक्त वजन

ओला आणि सुका कचरा वेगळा करा आणि रोज रात्री ओल्याचं वजन वहीत लिहा. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो. आणखी काही करू नका. हा आठवडा कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक लोक तो गाळतात. मीही गाळला होता, आणि मग बादली फारच लहान निघाली.

वजनातून दोन गोष्टी कळतात. भांडं केवढं लागेल ही पहिली. दुसरी जरा टोचणारी आहे: ओल्या कचऱ्यात सालं आणि देठं किती आणि न खाता फेकलेलं अन्न किती? हे दोन आकडे वेगळे लिहिलेत तर कदाचित प्रकल्पच बदलेल. उरलेलं अन्न जास्त निघालं, तर आधी खरेदी आणि शिजवण्याचं माप कमी करा. अन्न पिकवायला, वाहून आणायला आणि शिजवायला जे काही खर्ची पडलं ते खत करून परत मिळत नाही.

पायरी २: भांडं

वीस ते पंचवीस लिटरच्या दोन जुन्या बादल्या किंवा डबे घ्या. झाकण हवं, तळाला आणि बाजूंना बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर भोकं हवीत. खाली ताटली, कारण सुरुवातीला पाणी गळणारच. भोकांच्या आतून जाळी लावली तर माश्यांचा त्रास निम्मा होतो. दोन भांडी अशासाठी की एक भरलं की ते शांतपणे कुजत राहतं आणि रोजचा कचरा दुसऱ्यात जातो. एकाच भांड्यावर काम भागवणाऱ्यांचं खत कधीच तयार होत नाही, कारण वरून रोज नवा कचरा पडत राहतो.

तळाशी चार बोटं जाडीचा काटक्यांचा थर द्या, म्हणजे खालून हवा शिरते.

पायरी ३: थर लावणं

सगळी मेख इथे आहे. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला दोन प्रकारचं खाद्य लागतं: ताकदीसाठी कार्बन आणि वाढीसाठी नायट्रोजन. वजनाच्या हिशेबात कार्बन नायट्रोजनच्या पंचवीस ते तीस पट असला की काम सुरळीत चालतं. भाजीच्या देठांत आणि फळांच्या सालींत नायट्रोजन आणि पाणी भरपूर असतं. वाळका पालापाचोळा, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा यांत कार्बन भरपूर. नुसता ओला कचरा टाकलात तर चिखल होतो, नुसता पाला टाकलात तर वर्षभर पालाच राहतो.

काटेकोर गणिताची गरज नाही. एक वाटी ओला कचरा टाकलात की त्यावर दोन वाट्या सुका माल, हे प्रमाण बहुतेक घरांत चालतं. भुसा वापरत असाल तर थोडा हात आखडा, कारण त्यात कार्बन फारच जास्त असतो. ओला कचरा बारीक चिरून टाका. सगळ्यात वरचा थर नेहमी सुक्याचा, एकही साल उघडी दिसता कामा नये. दर तीन-चार दिवसांनी काठीने किंवा जुन्या खुरप्याने तळापासून वरखाली करा. पहिल्यांदा सुरू करताना मूठभर जुनं खत किंवा झाडाखालची माती घातली की जिवाणूंची सोय होते. बाजारात मिळणारी महागडी पावडर सुरुवातीला तरी नको.

ओलावा बघायला मूठभर माल घेऊन घट्ट पिळा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर सुका माल वाढवा, काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच माल विस्कटला तर पाण्याचा हबका मारा.

ही काही आजची शक्कल नव्हे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२०च्या दशकात इंदूरच्या संशोधन संस्थेत झाडपाला, शेण, राख आणि माती यांचे थर लावून ते ठरावीक दिवसांनी उलटवण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली ती छापून जगापुढे ठेवली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती अजून शिकवली जाते. आपली बादली म्हणजे तिचीच धाकटी आवृत्ती.

काय टाकायचं नाही, तेही सांगते. मांस, मासे, दूध-तुपाचे पदार्थ आणि तेलकट अन्न पहिले सहा महिने नको. त्याने उंदीर आणि वास दोन्ही येतात. पाळीव प्राण्यांची विष्ठा कधीच नको, त्यातले परजीवी छोट्या बादलीत मरत नाहीत. रोगट झाडांची पानं नकोत. फळांवरचे स्टिकर काढून टाका, नाहीतर वर्षभराने ते खतातून जसेच्या तसे चमकत बाहेर येतात. आणि ‘विघटनशील’ असं छापलेल्या पिशव्या आणि पेल्यांवर विश्वास ठेवू नका. त्यातल्या बऱ्याच वस्तूंना साठ अंशांच्या आसपासची, दीर्घकाळ टिकणारी उष्णता लागते. ती मोठ्या कारखानी ढिगात मिळते, बाल्कनीतल्या बादलीत नाही.

बिघडलं तर

बिघडणारच आहे, त्यामुळे हा भाग वाचून ठेवा.

अंड्यासारखा कुजका वास आला तर हवा कमी पडते आहे. सगळं बाहेर काढून सुका माल मिसळा आणि परत भरा. नाक झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर नायट्रोजन जास्त झाला आहे. उपाय तोच, पण पुठ्ठा आणि पाला थोडा सढळ हाताने. चिलटं झाली तर वरचा सुका थर जाड करा आणि आठवडाभर फळांची सालं आत खोल पुरा. फिकट रंगाच्या, टपोऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की लोक बादली फेकून देतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, तुमच्यापेक्षा वेगाने कचरा संपवतात आणि त्यांची मोठी झालेली माशी अन्नावर बसायला येत नाही. किळस येणं मी समजू शकते. मला अजूनही येते. पण झाकण लावून त्यांना त्यांचं काम करू द्यावं.

बादली गरम होत नाही म्हणून घाबरू नका. पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत तापायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. लहान भांडं आतली उष्णता बाहेर गमावतं. ते थंडपणे, सावकाश कुजतं, एवढंच. मात्र तणांचं बी आणि रोगजंतू मरायला तीच उष्णता लागते, म्हणून रोगट पानं आणि बी धरलेलं तण बादलीत नको.

पायरी ४: झालं का, हे कसं ओळखायचं

उबदार हवेत भरलेली बादली दोन-तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाची होते. थंडीत जास्त वेळ लागतो. मालाचं आकारमान निम्म्याहून कमी झालेलं असतं. चाळून घ्या, वर राहिलेले तुकडे पुढच्या बादलीत टाका आणि चाळलेलं महिनाभर सावलीत मुरू द्या. मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून चार दिवस ठेवा. उघडल्यावर दुर्गंध आला तर अजून कच्चं आहे. दुसरी परीक्षा म्हणजे पटकन रुजणारं कोणतंही बी त्यात पेरा. कच्च्या खतात बी नीट उगवत नाही. अर्धकच्चं खत कुंडीत घालून मी तीन चांगली रोपं घालवली आहेत.

पायरी ५: शेजाऱ्यांपर्यंत

तुमच्या घरची निदान एक बादली पूर्ण झाल्याशिवाय शेजाऱ्यांशी यावर बोलू नका. हा माझा हट्ट आहे. मी उत्साहाच्या भरात पंधराव्या दिवशी इमारतीची बैठक बोलावली होती. तापमानवाढीवर बोलले, आकडे सांगितले, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी एकाही घरातून कचरा वेगळा आला नाही. तीन महिन्यांनी त्याच लोकांच्या हातात खताची एकेक छोटी पुडी दिली. भाषण केलं नाही. दोघीजणी आपणहून विचारायला आल्या.

माणसं उपदेशापेक्षा शेजाऱ्याकडे बघून वागतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. अमेरिकेतल्या एका हॉटेलात टॉवेल परत वापरा म्हणणाऱ्या दोन वेगवेगळ्या पाट्या लावल्या होत्या. ‘पर्यावरण वाचवा’ या पाटीने साधारण ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल परत वापरले. ‘इथले बहुसंख्य पाहुणे टॉवेल परत वापरतात’ असं लिहिल्यावर ते प्रमाण ४४ टक्क्यांपर्यंत गेलं. गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा फलकावर ‘कृपया कचरा वेगळा करा’ असं लिहू नका. ‘या महिन्यात आपल्यापैकी नऊ घरांनी कचरा वेगळा दिला’ असं लिहा. आकडा खरा हवा. खोटा आकडा जिन्यात उभ्या असलेल्या दोन माणसांना लगेच कळतो.

यात एक खाचही आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरांना त्यांचा आणि शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवला गेला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण आधीच कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला. आपण फारच काटकसर करतोय, असं त्यांना वाटलं असावं. कमी वापरणाऱ्यांच्या आकड्याशेजारी हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. म्हणून जे आधीपासून नीट करत आहेत त्यांचं कौतुक आधी, बाकीच्यांचं बघू नंतर.

आता घरोघरच्या बादलीऐवजी आवारात सगळ्यांचा मिळून एक ढीग लावायचा आहे. सुरुवात तीन ते पाच घरांनी करा. सगळ्या इमारतीची संमती मिळवत बसलात तर वर्ष बैठकीतच जाईल. ही घरं शक्यतो एकाच जिन्यावरची असावीत, कारण डबा खाली न्यायचं अंतर वाढलं की उत्साह गळतो. सुक्या पाल्याचं पोतं ढिगाच्या हाताशी ठेवा. पाला दहा पावलांवर असेल तर लोक तो टाकतात, आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ओला कचरा ओतून निघून जातात. एवढ्या एका गोष्टीमुळे ढीग तरतो किंवा बुडतो, असं माझं मत झालं आहे.

गणित मांडून बघा. दहा घरं, प्रत्येकी रोज अर्धा किलो, म्हणजे महिन्याला दीडशे किलो. याला बादली पुरत नाही. साधारण मीटरभर लांब, रुंद आणि उंच असे तीन कप्पे हवेत: एक भरत असलेला, एक कुजत असलेला, एक मुरत असलेला. हा ढीग मात्र खरंच तापतो. लांब दांड्याचा तापमापक मिळाला तर जरूर घ्या. पंचावन्नावर गेलेला काटा मुलांना दाखवला की ती आपोआप पुढच्या महिन्याची स्वयंसेवक होतात. काटा सत्तरकडे सरकू लागला तर ढीग उलटवा, नाहीतर उपयोगी जिवाणूच मरतील. आणि कप्पे बांधण्याआधी जागेच्या मालकाची आणि स्थानिक प्रशासनाची लेखी परवानगी घ्या.

पायरी ६: नियम, वही आणि भांडणं

सामायिक गोष्टीचं काय होतं यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केलं. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामायिक कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारीच्या जागा कुठे टिकल्या आणि कुठे उजाड झाल्या, याचा त्यांनी जगभर धांडोळा घेतला. १९९० साली त्यांनी टिकलेल्या व्यवस्थांमध्ये दिसणारी आठ सूत्रं मांडली. आपल्या ढिगापुरती त्यातली चार पुरतात.

कोणाची घरं यात आहेत ते स्पष्ट असावं. नियम वापरणाऱ्यांनीच ठरवावेत. देखरेख वापरणाऱ्यांपैकीच कोणीतरी करावी. आणि चूक झाली तर शिक्षा हलक्यापासून चढत जावी. शेवटचं सूत्र लोक सर्रास मोडतात. कोणीतरी ओल्यात प्लास्टिक टाकलं की थेट फोटो काढून सगळ्यांना पाठवतात. ते घर त्या दिवसापासून कायमचं तुटतं. आधी एकांतात सांगा. परत झालं तर त्या घराला आठवडाभर ढीग उलटवण्याची पाळी द्या. तिसऱ्यांदा झालं तर महिनाभर त्यांचा डबा घेऊ नका. फोटोची वेळ सहसा येत नाही.

तंटा सोडवायची जागा जवळची आणि फुकट हवी, असंही ऑस्ट्रॉम यांनी सांगितलं आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवणारी पंचायत दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसते. निवाडा तोंडी आणि तिथल्या तिथे. शतकानुशतकं हे चाललं आहे. तुमच्यासाठी महिन्यातून एकदा ढिगाशेजारी उभ्याने केलेली वीस मिनिटांची बैठक पुरे. खुर्च्या मांडल्या की बैठक लांबते.

पाळीचं पत्रक असं करा की एका घराची पाळी आठवड्यापेक्षा जास्त नसेल. काम दोनच: रोज पाला घातला आहे का बघणं आणि शनिवारी किंवा रविवारी ढीग उलटवणं. पाळी चुकणाऱ्याने बदली माणूस स्वतः शोधायचा. वहीत तारीख, अंदाजे वजन, तापमान आणि वास असे चार रकाने. वासाच्या रकान्यात फक्त ‘बरा’ किंवा ‘वाईट’. खत तयार झालं की ते काम केलेल्या पाळ्यांच्या प्रमाणात वाटा, कचरा दिला त्या प्रमाणात नाही.

पुढचं काम

ढीग वर्षभर नीट चालला की या मंडळींकडून दुसरी कामं सहज होतात. गळके नळ घ्या. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरहून जास्त पाणी जातं. एका दुपारी सगळ्या घरांत वॉशर बदलत फिरा. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. न वापरता अर्ध्या तासात खाली रंग दिसला तर झडप गळते आहे. पावसाचं पाणी साठवायचं असेल तर एका चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढ्यावरून टाकीचा अंदाज येतो. दुरुस्तीची दुपारही करून बघा: मोडक्या वस्तू आणि दुरुस्त करता येणारी माणसं एका टेबलाभोवती. मार्टीन पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये असा पहिला मेळावा भरवला, आता अनेक देशांत तो भरतो. पण ही सगळी कामं एकदम सुरू करू नका. एका वेळी एकच नवं.

आणि एक काम पहिल्याच दिवशी करा. सुक्या पाल्याच्या पोत्याजवळ एक कागद चिकटवा: वही कोणाकडे, खुरपं आणि चाळणी कुठे, कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे, पाला कुठून आणायचा. मी तो लावला नव्हता. एकदा महिनाभर बाहेरगावी गेले, किल्ली माझ्याबरोबर गेली आणि परत आले तेव्हा ढिगावर तीन आठवड्यांचा ओला कचरा पिशव्यांसकट रचलेला होता. तो निस्तरायला मला आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दोन रविवार लागले. किल्ली आता त्यांच्याकडे असते.